होडीच्या विजेच्या मोटारीस बॅटरी कोणती घ्यावी?

पालघर-डहाणूच्या किनाऱ्यालगत ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांच्यापैकीं अनेकांस शेताबरोबर पाण्याचाही संसार करावा लागतो. कोणाचें खाजणांत कोळंबीचें तळें असतें. कोणाच्या भातखाचरांचा खारबांध खाडीस लागून असतो, व त्याच्या उघाड्या पाहण्यास पाण्यांतूनच जावें लागतें. अशा घरीं एखादी लहान होडी असावीच लागते. पूर्वीं तिला वल्हीं पुरत असत. आतां वल्हीं मारणारा गडी हंगामांत मिळणें कठीण झालें आहे, व डिझेलचें इंजिन लहान होडीस जड पडतें. शिवाय कोळंबीच्या तळ्यांत तेलाचा तवंग व धूर मुळींच नको असतो. म्हणून विजेच्या लहान मोटारीचा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. ही मोटार होडीच्या पिछाडीस अडकवावयाची, तिचा पंखा पाण्याखालीं फिरतो, आवाज होत नाहीं, व पोराच्या हातीं दिली तरी चालते. अमेरिकेंत गोड्या पाण्याच्या तळ्यांवर गळानें मासे धरणारे लोक ती १९३४ पासून वापरीत आहेत. आपल्याकडे तसा शौक नसला तरी मोटार आपल्या कामाची आहे, यांत शंका नाहीं.

मोटारीची निवड फारशी अवघड नाहीं. फसगत होते ती बॅटरींत. प्रस्तुत लेखकाचीही झाली, व ती सांगितल्यावांचून पुढील विवेचनाचें महत्त्व वाचकांच्या ध्यानीं येणार नाहीं.

मोटार घरीं आली तेव्हां ट्रॅक्टरची एक नवी बॅटरी घरांत होतीच. बारा व्होल्टची मोटार, बारा व्होल्टची बॅटरी. मग वेगळा खर्च कशाला, असा हिशेब मीं केला. दुकानदारानेंही "बॅटरी ती बॅटरी" असें सांगून माझ्या कंजुषीस आधार दिला. पहिले पंधरा-वीस दिवस काम उत्तम चाललें. पुढें दर फेरीस मोटार लवकर मंद होऊं लागली, तिकडे मीं दुर्लक्ष केलें. एके दिवशीं ओहोटी लागल्यावर खाडीच्या तोंडाकडील उघाडी पाहून परत निघालों, तों अर्ध्या वाटेंत पंखा जवळजवळ थांबला. उधाणाचे दिवस होते. पाणी समुद्राकडे असें ओढत होतें कीं वल्ह्यानें होडी जागच्या जागीं धरणेंही जमेना. जाळें बांधण्यासाठीं रोवलेला एक खुंट हातीं लागला म्हणून बरें. त्यास दोर टाकून आम्ही दोघे अडीच तास बसून राहिलों. शेवटीं मुरबे बाजूच्या एका मच्छीमार होडीनें आम्हांस ओढून आणिलें. मोटार पाहून तो गृहस्थ म्हणाला, "काका, मशीन चांगली आहे, पण तिचें पोट लहान आहे." दुकानदारापेक्षां त्यास बॅटरीशास्त्र अधिक कळलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. तथापि पोट लहान होतें एवढेंच खरें नव्हे. तें वेगळ्याच कामासाठीं घडविलेलें होतें.

शिशाच्या बॅटरीचा मूळ शोध प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लाविला. गंधकाम्लांत शिशाच्या प्लेटा बुडविलेल्या असतात. वीज काढली कीं प्लेटांवरील द्रव्याचें शिसें-गंधकाच्या क्षारांत रूपांतर होतें, व वीज भरली कीं तें पुन्हा मूळ रूपास येतें. आजही तत्त्व तेंच आहे. फरक आहे तो प्लेटांच्या घडणींत. ट्रॅक्टर, ट्रक व मोटारगाडी यांच्या बॅटरीस काम एकच: इंजिन सुरू होतांना दोन-चार सेकंद शेंकडों अँपिअरचा झटका द्यावयाचा. तो झटका देतां यावा म्हणून तींत पातळ व पुष्कळ प्लेटा असतात, म्हणजे अम्लास भिडणारा पृष्ठभाग मोठा होतो. इंजिन लागलें कीं डायनॅमो तिला लगेच भरून काढतो. ती अशी कधीं रिकामी होतच नाहीं. अशा बॅटरीस तासन् तास उपसून काढलें, कीं पातळ प्लेटांवरील द्रव्य फुगून सुटतें व तळाशीं गाळ होऊन बसतें. काहीं डझन वेळां असें केलें म्हणजे ती निकामी होते. माझी झाली ती अशीच.

होडीच्या मोटारीस दुसऱ्या जातीची बॅटरी लागते. तिच्या प्लेटा जाड व थोड्या असतात, अगर द्रव्य नळ्यांत भरून धरलेलें असतें. ती मोठा झटका देऊं शकत नाहीं, परंतु सावकाश व खोलवर उपसा सहन करते. इंग्रजींत तिला डीप सायकल म्हणतात. आपण खोल उपशाची बॅटरी म्हणूं. विहिरींतही हाच भेद आहे. एक विहीर पहिल्या दहा मिनिटांत पाट भरून वाहते व मग तळ दाखविते. दुसरी बारीक धारेनें पण दिवसभर देते.

आतां बोईसर-पालघरच्या बाजारांत "होडीची खोल उपशाची बॅटरी द्या" असें म्हटलें, तर बहुतेक दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहतील. त्या नांवाचा माल आपल्याकडे सहसा ठेवला जात नाहीं. पण तो माल नाहींच असें मात्र नव्हे. तो दुसऱ्या नांवांनीं मिळतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ही खोल उपशाचीच आहे. सौर दिव्यांसाठीं व सौर पंखांसाठीं विकतात तीही त्याच जातीची. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांची बॅटरी तर खास ओढीच्या कामासाठींच केलेली असते. चौथी जात लिथियमची. तिचा विचार पुढें येईल. दुकानांत शिरतांना या चार नांवांपैकीं एकाची मागणी करावी, म्हणजे बोलणें थोडक्यांत आटोपतें.

या चारींत होडीस योग्य कोणती, हें ठरविण्यापूर्वीं आपणांस किती वीज लागते तें काढिलें पाहिजे. येथें व्होल्ट व अँपिअर यांचा अर्थ मनांत स्पष्ट असावा. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा दाब. तो दाब म्हणजे व्होल्ट. नळांतून दर क्षणीं किती पाणी पडतें तें अँपिअर. टाकींत एकंदर किती सांठा आहे तो अँपिअर-तासांत सांगतात. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पांच अँपिअरनें वीस तास चालते. इतकें सर्वांस ठाऊक असतें. मात्र हाच हिशेब पुढें ताणून "मग पन्नास अँपिअरनें ती दोन तास चालेल" असें म्हटलें कीं घात झाला. शिशाच्या बॅटरीचा धर्म असा आहे कीं उपसा जितका जोराचा, तितका हातीं येणारा सांठा कमी. प्यूकर्ट नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं या धर्माचें गणित बसविलें. त्या गणितानें शंभर अँपिअर-तासांच्या सामान्य चांगल्या बॅटरींतून पन्नास अँपिअरनें उपसा केल्यास साठ-बासष्टच अँपिअर-तास मिळतात, म्हणजे सव्वा तासांत ती संपते.

बॅटरीच्या अंगावर आंकड्याच्या पुढें सी-२० किंवा सी-१० असें लिहिलेलें असतें, त्याचें मर्म यांतच आहे. सी-२० म्हणजे हा आंकडा वीस तासांच्या सावकाश उपशावर काढला आहे. सी-१० म्हणजे दहा तासांच्या. आंकडा सारखा असेल तर सी-१० ची बॅटरी अधिक दमदार समजावी. दोन दुकानांतील भावांची तुलना करतांना ही खूण पाहिली नाहीं, तर स्वस्त वाटणारी वस्तु प्रत्यक्षांत महाग पडते. ज्या बॅटरीवर अँपिअर-तास मुळींच न लिहितां नुसता इंजिन सुरू करण्याचा मोठा अँपिअरचा आंकडा छापलेला असेल, ती हातांत घेऊंच नये.

मोटारीचा रेटा पौंडांत सांगण्याची चाल आहे. तीस पौंडी मोटार पूर्ण वेगांत सुमारें तीस अँपिअर घेते, पंचावन्न पौंडी सुमारें पन्नास. बारा व्होल्टवर पौंडास एक अँपिअर हा अंदाज बहुधा चुकत नाहीं. होडी किती जड आहे त्यावर रेटा ठरवावा. शांत पाण्यांत भरलेल्या होडीच्या दर पंचेचाळीस किलोस दोन पौंड धरतात. होडी स्वतः दीडशें किलो, दोन माणसें एकशें तीस, कोळंबीचें खाद्य शंभर, बॅटरी साठ. एकूण चारशें चाळीस किलो झाले. त्यास वीस पौंड रेटा पुरे. पण हें तळ्याचें झालें. खाडींत वारा व ओढ असल्यामुळें त्याच्या दुपटीहून कमी धरूं नये. म्हणून पंचावन्न पौंडी मोटार दोन्ही कामांस बरी. ऐंशीं पौंडांची मोटार चोवीस व्होल्टची असते; तिला दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडाव्या लागतात, व त्या दोन्ही एकाच जातीच्या, एकाच मापाच्या व एकाच दिवशीं घेतलेल्या असाव्यात. बैलजोडींत एक म्हातारा व एक तरणा जुंपल्यास जें होतें तेंच येथें होतें.

वेगाविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पाण्यांत वेग थोडा वाढविण्यासाठीं शक्ति फार लागते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति सुमारें आठपट. याचीच उलट बाजू आपल्या फायद्याची आहे. पन्नास अँपिअरवर जी होडी ताशीं पांच किलोमीटर जाते, ती वीस अँपिअरवरही ताशीं साडेतीन-पावणेचार किलोमीटर जाते. चौथाई वेग सोडला तर निम्म्याहून अधिक वीज वांचते. मोटारीची मूठ शेवटपर्यंत फिरवून ठेवण्याची तरुण मंडळींस हौस असते. बॅटरीचा जीव घेणारी तीच.

आतां तळ्याचा हिशेब करूं. कोळंबीस दिवसांतून चार वेळां खाद्य द्यावयाचें, प्रत्येक वेळीं चाळीस मिनिटें होडी संथपणें फिरवावयाची, मोटार वीस अँपिअर घेते असें धरूं. एका फेरीस तेरा-साडेतेरा, दिवसास सुमारें त्रेपन्न अँपिअर-तास झाले. शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून खालीं उपसूं नये. उपसली तर चालते, पण तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. शिवाय वीस अँपिअरच्या उपशांत छापील आंकड्याचा पांचवा हिस्सा तरी हातीं येत नाहीं. म्हणजे दीडशें अँपिअर-तासांच्या बॅटरींतून एकशेंवीस मिळतील, त्याचे निम्मे साठ. आपलें काम भागलें. एकशेंतीसच्या बॅटरीवर तें अगदीं कांठावर येतें, व बॅटरी वर्षभर जुनी झाली कीं कांठाखालीं जातें. तेव्हां तळ्यासाठीं दीडशेंहून कमी घेऊं नये.

खाडीचा हिशेब निराळा. समजा, दीड किलोमीटरवरील उघाडी पाहून यावयाचें आहे, व पूर्ण वेगांत होडी ताशीं पांच किलोमीटर जाते. पाणी स्थिर असतां अठरा मिनिटें व पंधरा अँपिअर-तास लागतील. ताशीं तीन किलोमीटरची ओढ पाठीशीं असेल तर अकरा-बारा मिनिटांत व नऊ-साडेनऊ अँपिअर-तासांत आपण पोंचतों. तीच ओढ समोरून आली, तर होडी पुढें सरकते ताशीं दोनच किलोमीटर. पाऊण तास लागतो व साडेसदतीस अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे शंभरच्या बॅटरींतून या वेगानें जे साठ-बासष्ट हातीं येणार, त्यांतील साठ टक्के एका बाजूच्या फेरींतच गेले. ओढ ताशीं पांचाची झाली कीं बॅटरी कितीही मोठी असो, होडी जागची हलत नाहीं. आपल्या किनाऱ्यास उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटींत चार-पांच मीटरांचें अंतर पडतें. एवढें पाणी सहा तासांत अरुंद तोंडांतून बाहेर पडावयाचें, मग ओढ किती असेल याची कल्पना करावी.

म्हणून खाडींत जाणाऱ्यानें बॅटरीच्या आधीं पंचांग पाहावें. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमारें निघते, ही कोळी लोकांची रीत अजून खोटी ठरलेली नाहीं. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां; पौर्णिमा-अमावास्येस साडेअकरा-बाराच्या सुमारास. पहाटे व दुपारीं दोन्ही वेळां तीच. ओहोटी संपण्याच्या सुमारास निघावें, उघाडी पाहावी, व भरतीच्या पाण्याबरोबर परत यावें, म्हणजे जातांना पाणी संथ व येतांना पाठीशीं मिळतें. उघाडीचें दार ओहोटीस उघडें पडतें तें पाहणेंही त्याच वेळीं सोयीचें. आणि सांठ्याचे तीन भाग करावे: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक संकटाचा. वल्हीं व दोरासह नांगर होडींत नसेल तर मोटार असूनही निघूं नये.

आतां चार जातींकडे वळूं. इन्व्हर्टरच्या उंच ट्यूब्युलर बॅटरीचा मोठा गुण तिची चिकाटी. शेंकडों वेळां निम्मी उपसली तरी ती टिकते, व पालघर-बोईसरच्या कोणत्याही दुकानांत तिची दुरुस्ती-देखभाल होते. पण ती होडीसाठीं केलेली नाहीं. दीडशें अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास-साठ किलो भरते. उंच असल्यामुळें होडी कलली कीं ती कलंडूं पाहते व झांकणांतून अम्ल उडतें. तें लांकडास, दोरास व अंगास वाईट. त्यांत समुद्राचें खारें पाणी मिसळलें तर क्लोरीन नांवाचा विषारी वायु निघतो. तळ्यांत जेथें लाटा नाहींत तेथें ही बॅटरी खुशाल वापरावी, मात्र बसक्या घडणीची निवडावी, प्लास्टिकच्या खोक्यांत ठेवावी व पट्ट्यानें होडीच्या मध्यभागीं तळाशीं जखडावी.

रिक्षांची बॅटरी तिच्यापेक्षां ठेंगणी व सुटसुटीत. धक्के व हेलकावे यांची तिला संवय असते, व ओढीचा उपसा हेंच तिचें काम. एकेक बॅटरी तिसेक किलोच्या आसपास असल्यामुळें एक माणूस ती उचलूं शकतो. दोन सारख्या बॅटऱ्या समांतर, म्हणजे धनास धन व ऋणास ऋण, जोडल्या तर सांठा दुप्पट होतो व दोन्ही बाजूंस ठेवून होडीचा तोलही राखतां येतो. ज्यास शिशाचीच घ्यावयाची आहे त्यास माझी शिफारस हिची आहे. बंद तोंडाच्या, पाणी घालावें न लागणाऱ्या बॅटऱ्या मिळतात, त्या सांडत नाहींत हें खरें. पण त्या बहुधा दिवे गेल्यावर दहा-वीस मिनिटें संगणक चालू ठेवण्यासाठीं केलेल्या असतात. रोज खोल उपसा होणार असेल, तर तशा कामासाठीं केलेली आहे असें लेखी दिल्याखेरीज त्या घेऊं नयेत.

लिथियमचें नांव घेतलें कीं लोक दोन प्रकारें बिचकतात. एक किंमत, दुसरी आग. लिथियममध्येंही जाती आहेत. होडीस घ्यावयाची ती लोह-फॉस्फेटची, म्हणजे लिथियम-फेरो-फॉस्फेट. ही जात १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंत पुढें आली. लिथियम बॅटऱ्यांवरील कार्याबद्दल त्यांस इतर दोघांसह २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. भ्रमणध्वनींतील लिथियमपेक्षां ती पुष्कळ थंड स्वभावाची आहे. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी दहा-तेरा किलोच भरते. उपसा जोराचा असला तरी सांठा फारसा घटत नाहीं. ऐंशीं टक्क्यांपर्यंत रोज उपसली तरी दोन हजारांहून अधिक वेळां ती पुरते, आणि शेवटपर्यंत दाब टिकत असल्यामुळें मोटार मंद पडत नाहीं. वर काढलेल्या तळ्याच्या हिशेबास शिशाची दीडशेंची लागली; लिथियमची शंभरची सहज पुरेल. केरळांत वैक्कम येथें जानेवारी २०१७ पासून पंचाहत्तर उतारूंची सूर्यशक्तीवरील नौका लिथियम बॅटऱ्यांवर वेंबनाड सरोवरांत फेऱ्या करूं लागली. इतकें मोठें काम ज्या बॅटरीनें होतें तिला आपली होडी जड नाहीं.

किंमतीची तुलना मात्र दुकानांतील आंकड्यावर करूं नये. किंमतीस, प्रत्यक्ष वापरतां येणारे अँपिअर-तास गुणिले किती वेळां वापरतां येतील तो आंकडा, यानें भागावें. महिन्यांतून चार वेळां होडी काढणाऱ्यास शिशाचीच स्वस्त पडेल. तो तिचें आयुष्य वापरण्याआधींच ती वयानें जाईल. रोज चार फेऱ्या खाद्य टाकणाऱ्यास लिथियम बहुधा स्वस्त पडते, जरी पहिल्या दिवशीं दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागले तरी. पैसे कर्जाऊ काढून मात्र ती घेऊं नये, कारण कोळंबीचें पीक हातीं येईपर्यंत खात्रीचें नसतें.

लिथियम घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. आंतील संरक्षक यंत्रणा किती अँपिअर सोडते तें विचारावें. पन्नास अँपिअरच्या मोटारीस पन्नासचीच यंत्रणा असली तर पंख्यांत शेवाळ अडकतांच ती वीज तोडते, व होडी मध्येंच उभी राहते. शंभर अँपिअरची असावी. दुसरें, तिचा चार्जर तिच्यासाठींच केलेला असावा. तिसरें, जुन्या गाड्यांतील पेशी काढून स्थानिक कारखान्यांत जुळविलेल्या बॅटऱ्या स्वस्तांत मिळतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये. आणखी एक अडचण अशी कीं या बॅटरीचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहत असल्यामुळें व्होल्टमापकावरून सांठा कळत नाहीं. येणारी-जाणारी वीज मोजणारें लहान मीटर बसवावें.

शिशाच्या बॅटरीस व्होल्टमापक पुरतो. मोटार बंद करून तास-दोन तास विसावा दिल्यावर १२.६ किंवा १२.७ दाखवील तर ती भरलेली, १२.१-१२.२ ला निम्मी, ११.८ च्या सुमारास रिकामी. मोटार चालू असतां दाखविलेला आंकडा विश्वसनीय नसतो.

तारांविषयीं थोडें सांगणें जरूर आहे, कारण चांगली बॅटरी घेऊन घरांतील उरलेल्या तारेनें जोडणारे लोक मीं पाहिले आहेत. बॅटरी व मोटार यांत चार मीटर अंतर आहे, म्हणजे जाण्यायेण्याची तार आठ मीटर. चार चौरस मिलिमीटरची घरगुती तांब्याची तार वापरली तर पन्नास अँपिअरला वाटेंतच जवळजवळ पावणेदोन व्होल्ट नाहींसे होतात, व तार तापून वितळूं लागते. सोळा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टाच्या आंत येतो. खाऱ्या हवेंत कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी, टोकें दाबून बसवावीं, वर ग्रीस लावावें. बॅटरीच्या धन टोंकाजवळ साठ अँपिअरचा फ्यूज किंवा तोडयंत्र अवश्य असावें. मोटारही खाऱ्या पाण्यासाठीं केलेली आहे ना, हें पाहावें. गोड्या पाण्याची मोटार खाडींत थोड्याच दिवसांत गंजून जाते, व प्रत्येक फेरीनंतर ती गोड्या पाण्यानें धुवावी लागते तें वेगळेंच.

भरण्याचें काम रात्रीं वाऱ्याच्या पडवींत करावें, बंद खोलींत कधींही नाहीं. शिशाची बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो, व हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चार झालें तरी ठिणगीनें भडका उडतो. चार्जर सांठ्याच्या दहाव्या हिश्शाचा असावा; दीडशेंच्या बॅटरीस पंधरा अँपिअर. बॅटरी उपसल्यावर त्याच दिवशीं भरावी. उद्यांवर टाकली कीं प्लेटांवर क्षार कठीण होऊन बसतो व मग तो विरघळत नाहीं. पाणी घालावयाचें तें बाजारांतील बॅटरीचें पाणीच. किनाऱ्यावरील विहिरींचें पाणी गोड लागलें तरी त्यांत क्षार असतात. पाणी प्लेटा बुडतील इतकेंच, व तें भरून झाल्यावर घालावें. अम्ल मात्र पुन्हा कधीं घालूं नये.

राहिला पावसाळा. जूनपासून होडी उपडी पडते व बॅटरी कोपऱ्यांत जाते. बहुतेक बॅटऱ्या मरतात त्या याच तीन महिन्यांत. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी दरमहा थोडी रिती होते, व उष्ण दमट हवेंत अधिक. ती पूर्ण भरून ठेवावी व महिन्यांतून एकदां पुन्हा भरावी. ट्यूब्युलर असेल तर आणखी चांगली तोड आहे: ती घरच्या इन्व्हर्टरास जोडावी. १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झालें खरें, पण मृगाच्या पहिल्या वादळांत आपल्याकडील दिवे जावयाचे ते जातातच, व बॅटरीस काम मिळतें. लिथियमची मात्र निम्मी भरून, तारा सोडून, कोरड्या जागीं ठेवावी. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाल्यास न विकतां नवी घेतांना दुकानांतच परत द्यावी. २०२२ च्या नियमांनीं तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी बनविणाऱ्यांवर टाकलेली आहे, व शिशाचें मोलही किंमतींतून वजा करून मिळतें. माझी ट्रॅक्टरची बॅटरी अशीच परत गेली. तिच्याबद्दल जें मिळालें त्यांत नव्या बॅटरीचे पट्टे व एक नांगर आला.